कानात घुमायलंय

त्या शब्दाचा अर्थ मला त्याच क्षणी कळला होता. इतकी वर्षे मी स्वतःला, आणि ज्या एकदोघांना हा प्रसंग अर्धामुर्धा ठाऊक आहे त्यांना, सांगत आलो की ऐकण्यात गफलत झाली. आमच्या हैदराबादच्या मराठीला दखनीचे, म्हणजे इथल्या बोलीतल्या उर्दूचे, पाणी लागलेले. एखादा शब्द इकडचा तिकडे व्हायचाच. हे स्पष्टीकरण इतके सोयीचे होते की पुढे पुढे मलाही ते खरे वाटू लागले. ते खरे नाही. मी नीट ऐकले होते, आणि ऐकलेल्याचा मला सोयीचा तेवढाच अर्थ घेतला होता.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितले, "आबिड्सच्या दुकानातल्या गमती लिहा. वॉकमनचा जमाना, हेडफोनची गिऱ्हाइके. वाचकांना हसू आले पाहिजे." गमती आहेत, आणि त्या लिहिणारही आहे. मात्र त्यांच्या आड लपून तो शब्द पुन्हा एकदा चुकवायचा नाही, एवढे मी लिहायला बसण्यापूर्वी ठरवले आहे.

आबिड्सला मोठ्या पोस्टाजवळच्या गल्लीत इक्बालभाईंचे दुकान होते. मूळचे रेडिओ दुरुस्तीचे. देशाचे दरवाजे उघडले असे तेव्हा वर्तमानपत्रे लिहीत. आम्हाला ते उघडलेले दिसले ते खोक्यांच्या रूपाने. त्याआधी परदेशी वॉकमन म्हणजे आखातातून सुट्टीवर आलेला कुणाचा तरी मामा किंवा मेव्हणा. त्याच्या बॅगेत तीन नग असत आणि त्या तिन्हींसाठी आमच्याकडे तीस माणसे चौकशी करून जात. मग एकाएकी मामा-मेव्हण्यांचे महत्त्व संपले. मुंबईहून, मद्रासहून खोकी येऊ लागली, काचेचे कपाट भरले, आणि माझ्यासारखा पदवी असलेला पण नोकरी नसलेला तरुण त्या कपाटामागे उभा राहिला.

माझा आवाज मुळातच हळू. विक्रेत्याला तो दोष. पण इक्बालभाई दोषातूनही धंदा काढणारे. "तुम इतना आहिस्ता बोलते मियाँ," ते म्हणत, "गाहक को सुनने के वास्ते हेडफोन उतारना पडता. अच्छा है. उतारा तो फिर पहनता. दो बार पहना सो माल वापस नहीं रखता."

या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. हेडफोन घ्यायला येणाऱ्या दहांतल्या आठांना एकच गोष्ट हवी असे: बास. म्हणजे खालच्या पट्टीतला, ऐकू येण्यापेक्षा अंगाला लागणारा आवाज. त्यासाठी प्रत्येकाचा शब्द वेगळा. कुणी 'दम' म्हणे, कुणी 'धमक', कुणी छातीवर मूठ आपटून दाखवी. खोक्यावर सोनेरी अक्षरांत बासची जाहिरात छापलेली असली की गिऱ्हाइकाचे डोळे तिथेच खिळत. वास्तविक बास सोनेरी अक्षरांत नसतो आणि हेडफोनच्या आकारातही फारसा नसतो. तो असतो कान आणि हेडफोन यांच्या बसण्यात. कुकरची रिंग सैल असेल तर कितीही आच द्या, वाफ धरत नाही, तसेच हे. मध्ये फट राहिली की सर्वांत आधी बास निसटतो. कान पूर्ण झाकणाऱ्या बंद वाट्यांच्या हेडफोनमध्ये तो टिकतो. कानावर नुसता टेकणारा स्पंजचा हलका हेडफोन घेतला, की अर्धा बास रस्त्याला.

त्यात माणूस बसमध्ये बसलेला असेल, तर बसचे इंजिनही त्याच खालच्या पट्टीत बोलते. ते गाण्यातला बास गिळून टाकते. मग बोट आपोआप आवाजाच्या चक्रीकडे जाते. बास परत आल्यासारखा वाटतो खरा, पण त्याच्याबरोबर बाकीचे सगळे आवाजही वाढून कानात शिरतात, आणि त्यांतले बारीक, टोकदार आवाज कानाला फार महाग पडतात. म्हणून प्रवासात ठेक्याचे संगीत ऐकणाऱ्याला बंद वाट्यांचा, घट्ट बसणारा हेडफोन द्यावा आणि आवाज कमी ठेवायला सांगावे. हे मला तेव्हाही ठाऊक होते. अज्ञानाची सबब माझ्यापाशी नाही.

धंद्याची आणखी एक गोष्ट ठाऊक होती. दोन हेडफोन एकापाठोपाठ ऐकवले, तर ज्याचा आवाज किंचित मोठा तोच माणसाला चांगला वाटतो. भल्याभल्या कानसेनांची इथे फसगत होते. म्हणून जो माल खपवायचा तो डोक्यावर चढवताना अंगठ्याने चक्री हळूच पुढे सरकवायची. आमच्या दुकानात याला 'हात देणे' म्हणत. "जरा हाथ दो मियाँ," इक्बालभाई गल्ल्यावरून सुचवीत. "लाउड इच अच्छा लगता. दुनिया का दस्तूर है." दखनीतला हा 'इच' आमच्या मराठी 'च'चाच भाऊबंद. दोन भाषा इतक्या शेजारी राहिल्या की एकमेकींची भांडी वापरू लागल्या. त्या भांड्यांपैकी एकानेच पुढे माझी परीक्षा घेतली.

हात देण्यात मी तरबेज झालो. हळू बोलणाऱ्या माणसावर कुणाला संशय येत नाही.

गंमत म्हणून एक गिऱ्हाईक सांगतो. मलकपेठेचे एक वयस्कर गृहस्थ होते, नेहमी शेरवानीत. तिथे घोड्यांच्या शर्यती असल्या की गर्दी व्हायच्या आत घरातून निघत आणि आमच्याकडे येऊन टेकत. एकदा म्हणाले, "मियाँ, ऐसा हेडफोन देओ के जिसमें कुछ भी सुनाई नक्को आना."

मी विचारले, "जनाब, वॉकमन कौन सा है आपके पास?"

"वॉकमन कैकू होना? तार जेब में डाल लेतूं. समधी आ के बैठे हैं घर में. दोनों मियाँ-बीवी बोलते इच रहते. मेरे कान पे ये रहा तो समझेंगे बुड्ढा गाना सुनरा."

मी त्यांना बंद वाट्यांचा मोठा हेडफोन दिला. त्यांनी तो चढवला, डोळे मिटले, आणि भर दुकानात समाधी लागल्यासारखे बसून राहिले. पुढे कितीतरी दिवस येऊन तारीफ करीत, "क्या खामोशी है मियाँ! एकदम ओरिजिनल." माझ्या उभ्या नोकरीत ज्याला जे हवे ते अगदी नेमके दिले असे छातीवर हात ठेवून सांगता येईल, असे हे एकच गिऱ्हाईक. तसाच आणखी एक नग वरच्या फळीवर उरला होता. तो नंदूला द्यायला हवा होता.

नंदू बिदरकर आमच्याच गल्लीतला, काचीगुड्याचा. त्याचे वडील रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. आई, म्हणजे आमच्या इंदूमावशी, सगळ्यांना सांगत, "ह्यांचा जन्म इंजिनाखाली गेला, माझं पोरगं इंजिनात बसंल." नंदूलाही दुसरे काही सुचत नसे. गाडी यायच्या आधी नुसत्या धडधडीवरून तो इंजिनाची जात ओळखायचा, आणि कुणी ओळखण्यात चुकले तर त्याची मनमुराद थट्टा करायचा. नुकताच कॉलेजात जाऊ लागलेला तो मुलगा एके दिवशी स्वतः भरून घेतलेली कॅसेट घेऊन दुकानात आला.

"दादा, बास पाहिजे."

"कसला?"

"यार्डात डिझेल इंजिन नुसतं उभं राहून गुरगुरतं बघा. तसला. पोटात लागायला पाहिजे."

मी कॅसेट लावून ऐकली. परदेशातले यंत्रांवर वाजवलेले संगीत होते. एकच ठेका, खाली एक अखंड घरघर, मधूनच वर शिट्टीसारखे काहीतरी.

"अरे, यात गाणारा कुठाय?"

"गाणारा कशाला लागतो?" तो हसून म्हणाला. "इंजिनाला गाणारा असतो का?"

मला त्या मुलाचे मोठे कौतुक वाटले होते, हे इथे मुद्दाम नोंदवतो. कौतुक वाटूनही मी जे केले ते केले. इक्बालभाईंनी स्पंजच्या हेडफोनचे आख्खे खोके घेऊन ठेवले होते आणि ते हलत नव्हते. मी वरच्या फळीवरचा बंद वाट्यांचा हेडफोन काढला, नंदूच्या डोक्यावर चढवला आणि त्याची कॅसेट हळू आवाजात लावली. मग स्पंजचा चढवला आणि हात दिला.

त्याचे डोळे चमकले. "हा! हा द्या. ह्याच्यात दम आहे. तो पहिला मेलेला आहे."

"रोज बसने जातोस ना? बसमध्ये थोडा कमी वाटेल," मी म्हणालो. "वाटला तर आवाज वाढव. वाढवला की बास खुलतो."

बास खुलतो. हे माझे स्वतःचे वाक्य होते, आणि मला त्याचा अभिमान होता. त्यानंतर मी त्याला मोठ्या भावाच्या मायेने आणखी एक सल्ला दिला. "आणि रस्त्यात दोन्ही कान बंद करू नकोस बाबा. एक मोकळा ठेव." तो आज्ञाधारक मुलगा. रोज डाव्या कानावर हेडफोन ठेवी, उजव्याचा मागे सरकवी, आणि मोकळ्या कानातून शिरणाऱ्या बसच्या आवाजावर मात करायला चक्री पुढे ढकली. माझे दोन्ही सल्ले त्याने तंतोतंत पाळले.

संध्याकाळी इंदूमावशी ओट्यावरून म्हणाल्या, "तू दिलास म्हणजे बघायचं कामच नाही."

काही आठवड्यांनी तो पुन्हा आला. दुकानात गर्दी होती. एक जोडपे स्पंजचा हेडफोन हातात घेऊन घुटमळत होते. नंदू काउंटरच्या टोकाला येऊन थांबला, डावी करंगळी कानात घालून हलवली आणि म्हणाला, "दादा, कानात घुमायलंय."

इथे थोडे थांबावे लागेल. मराठीत घुमणे हा चांगला शब्द आहे. पखवाज घुमतो, गाभाऱ्यात घंटा घुमते, वळचणीला पारवे घुमतात. पुण्या-मुंबईच्या माणसाने ते वाक्य ऐकले असते, तर त्याला ती हेडफोनची वाहवाच वाटली असती. पण नंदू आमच्या गल्लीत वाढलेला. त्याचे निम्मे मित्र दखनी बोलणारे, आणि दखनीत घूमना म्हणजे फिरणे. सर घूमरा म्हणजे चक्कर येते आहे. आवाज कान में घूमरा म्हणजे आवाज कानात फिरतो आहे, थांबत नाही, बाहेर पडायला त्याला वाट सापडत नाही. मीही त्याच गल्लीत वाढलो. मला दोन्ही भाषा येत होत्या. शिवाय त्याची करंगळी कानात होती आणि चेहऱ्यावर हसू नव्हते. माणूस कौतुक करताना कान खाजवत नाही.

मी त्या जोडप्याकडे वळलो आणि माझ्या मानाने मोठ्या आवाजात म्हणालो, "ऐकलंत? गिऱ्हाईक परत येऊन सांगतंय, कानात घुमतंय म्हणून. बास म्हणतात तो हा."

ते दोघे हसले. नंदूही हसला, पण ओशाळून, आपलेच काहीतरी चुकले असे वाटून. "हौ का? असंच असतं का दादा?"

"सुरुवातीला असंच वाटतं," मी म्हणालो. "सवय होते."

त्याने मान हलवली आणि तो गेला. त्या जोडप्याने हेडफोन घेतला.

इक्बालभाई गल्ल्यावरून हे सगळे पाहत होते. दुकान जरा रिकामे झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले. "मियाँ, वो बच्चे के कान में कुछ घूमरा बोला ना? पूछे क्या तुम, क्या होरा?"

"नहीं भाई," मी म्हणालो. "हमारी मराठी में वो तारीफ है."

"तारीफ?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कान में उंगली डाल के तारीफ?"

मी नुसता हसलो. ते चष्मा परत डोळ्यांवर घेत म्हणाले, "तुमारी जबान, तुम जानो."

माझी भाषा, मी जाणे. मातृभाषेच्या आड माणसे लपतात, हे मी तोवर पुढाऱ्यांच्या बाबतीत ऐकले होते. एका शब्दाच्या आडोशालाही आख्खा माणूस मावतो, हे त्या दिवशी स्वतःच्या अनुभवाने शिकलो.

पुढे नंदू रेल्वेच्या लेखी परीक्षेत उतरला. सहायक ड्रायव्हरची जागा. इंदूमावशींनी गल्लीत पेढे वाटले, मला दोन दिले, "एक जास्तीचा, तू त्याचा दादा म्हणून." राहिली होती ती वैद्यकीय तपासणी. दांडगा मुलगा, दृष्टी घारीसारखी. तिची चिंता कुणालाच नव्हती.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा मावशी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली नाही. मीच जवळ गेलो.

"नाही झालं रे," त्या म्हणाल्या. "कानात नापास केलं."

"कानात?"

"डॉक्टर म्हणे पाठीमागं उभं राहून कुजबुजल्यागत शब्द बोलतेत, आपण ते परत बोलून दाखवायचे. एकेक कान झाकून. पोरगं म्हणायलंय, आई, डावीकडून डॉक्टर काही बोललेच नाहीत, तर मी काय सांगू?" त्यांनी पदराने तोंड पुसले. "मळ असंल. काढून आणू, मग परत घेतील की नाही? तू शिकलेला आहेस. घेतील ना?"

मी म्हणालो, "घेतील."

घेतले नाही. मळ नव्हता. कानाच्या तज्ज्ञाने सांगितले की डाव्या कानाचे बारीक आवाज गेले आहेत, उजव्याचेही थोडे गेले आहेत आणि ते परत येणार नाहीत. कशाने गेले, असे मावशींनी विचारले. जन्मजात असेल, तापाने असेल, गोंगाटाने असेल. ठामपणे सांगता येत नाही, असे उत्तर मिळाले. त्या दिवसापासून मी 'ठामपणे सांगता येत नाही' या वाक्याच्या सावलीला बसलो. आजही मी ठामपणे सांगू शकत नाही. कदाचित हेडफोनचा काहीच दोष नसेल. पण तो मुलगा वेळेवर माझ्याकडे आला होता, त्याने आपल्या भाषेत मला सांगितले होते, आणि मी त्याला सवय करून घ्यायला सांगितले. याबद्दल कुणा तज्ज्ञाचे मत घ्यायची गरज नाही.

अशा कानांची एक विचित्र गोष्ट असते. जाड आवाज राहतात, बारीक जातात. नंदूला आजही गाडीची धडधड माझ्याआधी कळते. ऐकू येत नाही ती कुजबुज, 'स' आणि 'श' यांतला फरक, फोनची किणकिण, आणि लहान मुलांचे बोलणे. त्याची मुलगी चालायला लागली तेव्हापासून त्याच्या उजव्या हाताला चालते. तिला हे कुणी शिकवले नाही. ज्या बासच्या मागे तो आला होता तेवढा बास त्याच्यापाशी उरला.

त्याने मला कधी बोल लावला नाही. तेच जड होते. एकदा तर स्वतःच म्हणाला, "दादा, तो हेडफोन मस्त होता की. तसला परत मिळाला नाही."

मी हात देणे सोडले. दोन्ही हेडफोन एकाच आवाजात ऐकवू लागलो, बसने जाणाऱ्याला वरच्या फळीवरचा माल दाखवू लागलो, आणि प्रत्येकाला आवाज कमी ठेवा असे सांगू लागलो. विक्री मंदावली. इक्बालभाईंच्या ते लगेच लक्षात आले. "हाथ में मेहंदी लगी क्या मियाँ?" त्यांनी विचारले. मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही, आणि पुन्हा कधी 'हाथ दो' असेही म्हटले नाही. मला वाटते, त्यांना उमगले होते. ते गेले तेव्हा मी त्यांच्या जनाजात चाललो, पण त्यांनाही खरे सांगायचे राहूनच गेले.

इतके असून मी नंदूची क्षमा मागितलीच नाही असे नाही. आणि हाच तो दोष, जो लिहिताना मला पहिल्याहून अधिक लाज वाटते. मी त्याची क्षमा अनेकदा मागितली. काचीगुडा स्टेशनसमोर त्याचे झेरॉक्सचे आणि तिकीट बुकिंगचे दुकान आहे. संध्याकाळी मी तिथे चहाला जातो. माझे स्टूल ठरलेले, त्याच्या डाव्या हाताला. तिथे बसून, मशीन चालू असताना, माझ्या नेहमीच्या हळू आवाजात मी कितीदा तरी म्हणालो आहे, "नंदू, माझं चुकलं." त्याच्या लग्नात, फोटोसाठी त्याच्या शेजारी उभा राहून म्हणालो. मावशी गेल्या, तेव्हाही म्हणालो. प्रत्येक वेळी डावीकडून. प्रत्येक वेळी बोलल्याचे समाधान घेऊन घरी आलो. स्टूल उजवीकडे ठेवायला जागा होती. ती मला दिसत नव्हती असेही नाही.

इक्बालभाईंच्या मुलांनी दुकान मोडले. आता त्याच गल्लीत माझे स्वतःचे छोटे काउंटर आहे. दुरुस्ती करतो, हेडफोन विकतो. मंडळातल्या एका कुटुंबाची ओळख सांगत या वर्षी एक मुलगी आली. मुग्धा, पुण्याची, इथे संगणकाच्या कंपनीत.

"काका, मला मेट्रोमध्ये इलेक्ट्रॉनिक म्युझिक ऐकायचंय. बास हेवी पाहिजे. कुठला घेऊ?"

मी तिला कानात बसणारे दाखवले, रबराच्या बोंडांची तिन्ही मापे लावून पाहायला लावली. नीट बसली तीच ठेवली. आवाज निम्म्याहून खाली ठेवला.

"थोडा वाढवा ना."

"नाही."

"अहो काका, तुम्ही विकताय का अडवताय?"

"दोन्ही," मी म्हणालो. "बास कमी वाटला तर बोंड नीट बसवायचं. आवाजाला हात लावायचा नाही."

काही दिवसांनी ती मैत्रिणीला घेऊन आली, आणि दारातूनच हात उडवत म्हणाली, "काका, काय घुमतंय कानात!"

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. "घुमतंय म्हणजे कसं? काढल्यावरही राहतं? कुठल्या कानात?"

ती घाबरून मागे सरली. "अहो, म्हणजे... भारी वाजतंय! मी कौतुक करत होते काका."

मैत्रीण फिस्सकन हसली. मीही हसण्याचा प्रयत्न केला. त्या गेल्यावर मी काउंटरमागे बसून राहिलो. घुमतंय म्हणजे कसं? एवढाच प्रश्न होता. विचारायला एक श्वास पुरतो. हा प्रश्न मी अखेर विचारला, पण ज्याला गरज नव्हती तिला.

मी काउंटर बंद केले आणि काचीगुड्याला गेलो.

स्टेशनसमोर नेहमीची वर्दळ होती. बसचे हॉर्न, स्कूटर, पिशव्या घेऊन पळणारी माणसे. नंदूच्या दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती, मशीन खटखटत होते. मी स्टूल उचलले आणि त्याच्या उजव्या हाताला नेऊन ठेवले. त्याने माझ्याकडे नवलाने पाहिले.

"नंदू," मी म्हणालो, "माझं चुकलं."

नेमका त्याच वेळी बाहेर एका बसने हॉर्न धरला. त्याने कान पुढे केला. "काय? गाडी चुकली?"

मी स्टूल त्याच्या आणखी जवळ ओढून बसलो.

"कुठली गाडी, दादा? सांगा की, दुसरी बघतो." तो बुकिंगच्या संगणकाकडे वळू लागला. मी नाही अशी मान हलवली. मग त्याने करंगळी डाव्या कानात घालून हलवली, थेट तेव्हासारखी, आणि म्हणाला, "मोठ्यानं बोला ना. आज लई घुमायलंय."

मी उभा राहिलो. दोन्ही गिऱ्हाइके पाहत होती, चहावालाही थांबला होता. मी हात लांब करून मशीनचे बटण बंद केले आणि जन्मात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून म्हणालो, "नंदू, तू दुकानात आलास आणि कानात घुमायलंय म्हणालास, तेव्हा मला कळलं होतं. तू काय सांगत होतास ते मला सगळं कळलं होतं, आणि तरी मी तुला सवय होते म्हणून सांगितलं. चुकलं माझं. मला माफ कर."